एडक्यानं अंग झाडलं तो दिवस

लढाई लागली त्या उन्हाळ्यात आमची चंगळ झाली. हे गावात बोलून दाखवलं तर लोक तोंडात मारतील, पण झाली. खताची गोणी मिळेना. पूर्ण्याच्या बाजारातल्या दुकानापुढं सकाळपासून माणसं उभी, आणि दुकानदार म्हणायचा, मालच येईना तर मी काय घरी बनवू का. मग ज्या शेतकऱ्यांनी आमच्या मेंढरांना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दगड मारून हाकललं, तेच आमच्या दारात येऊन बसायला लागले. मेंढरं रिकाम्या वावरात मुक्कामाला बसवली की लेंड्यांचं खत आपसूक पडतं, आणि त्याच्या बदल्यात मेंढरंवाल्याला ज्वारी मिळते. माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. तर मामांना आयुष्यात पहिल्यांदा लोक ‘तुमी कवा म्हणता’ असं विचारायले होते. मामा उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावायचे.

बाकी सगळ्याची मात्र बोंब होती. गोडं तेल इतकं चढलं की आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बरणी कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. फोडणी म्हणजे जिरं पाण्यात नाचवायचं. गॅसची रिकामी टाकी कोपऱ्यात देवासारखी बसून, आणि मी पुन्हा चुलीपुढं डोळे चोळत. सरकारनं एका संध्याकाळी दिवे बंद ठेवायची रंगीत तालीम सांगितली, तेव्हा गाव पोट धरून हसलं. चुडाव्याच्या टेसनाला जवळ असलेलं आमचं गाव, लाइट आमच्याकडं तशीही अंदाजानंच येते. ती तालीम आम्ही जन्मापासून करायलोय, म्हणे.

हसायला मला जमत नव्हतं. माझे मालक फौजेत, आणि फौजेत म्हणजे ऐन सीमेवर. पुतणीच्या लग्नाला सुट्टीवर आले होते. हळद लागायच्या आधीच फोन आला, निघा. पूर्ण्याला गाडी धरून गेले. जाताना आमच्या एडक्याच्या, म्हणजे मेंढ्याच्या, मानेत हात घालून बराच वेळ उभे राहिले. तो एडका त्यांनी स्वतः जगवला होता. त्याची माय तो पिल्लू असतानाच मेली, तेव्हा मालकांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं. फौजेतून घरी आले की फाट्यावरूनच शीळ घालायचे, आणि एवढं थोराड जनावर दावं तोडून पळत सुटायचं. मला असं कुणी पळत येताना पाहिलं नाही कधी, कारण मला सासू होती.

आत्याबाईंनी गावाबाहेरच्या दर्ग्याला कंदुरी बोलली. आमच्याकडं हिंदूंचे अर्धे नवस दर्ग्यालाच असतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. जनावर तिथं न्यायचं, मुजावरानं कापायचं, तिथंच शिजवायचं, गावाला जेवू घालायचं आणि घरी एक बोटी आणायची नाही. आत्याबाईंनी पदर पसरून सांगितलं, माझं पोरगं धड उंबऱ्यावर येऊ दे, हाच एडका तुला देते. मी म्हणाले, आत्याबाई, दुसरा एखादा बोला, ह्यांचा जीव आहे त्याच्यावर. त्या म्हणाल्या, “म्हणूनच. नावडतं दिऊन काय देव भुलतोय?”

मग सुरू झालं वाट बघणं. क्रिकेटच्या मॅचा बंद पडल्या होत्या, त्यामुळं फाट्यावरच्या हॉटेलात पोरांना टीव्हीवर लढाईच उरली होती. चॅनलवाला बेंबीच्या देठापासून ओरडायचा, हे शहर घेतलं, ते शहर घेतलं. पोरं टाळ्या पिटायची. दुसऱ्या दिवशी ती शहरं जागच्या जागी असायची, पण टाळ्या कुणी परत घेतल्या नाहीत. मी दळण घेऊन निघाले की हाक यायची, “वयनी, भाऊनं आज किती पाडले?” आणि मागून हसणं. हरामखोर मेले. ज्यांनी कधी कुत्र्याला काठी दाखवली नाही, ते माझ्या नवऱ्याच्या जिवावर चहा पीत शौर्य गाजवायचे.

आत्याबाई शेजारच्या घरात टीव्हीपुढं बसायच्या. वाचता येत नव्हतं. म्हणायच्या, खालची पट्टी वाच. पट्टीवर एका चौकीवर तोफगोळे पडल्याचं असायचं, आणि मी वाचायचे, औंदा पाऊस वेळेवर. दोन घास पोटात जावेत म्हणून वाचायचे, दुसरं काय. एक दिवस शेजारणीच्या शाळेत जाणाऱ्या पोरीनं खरं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून मी मीठ संपलं म्हणाले तरी आत्याबाई उठून डबा बघायच्या.

आणि एका संध्याकाळी टीव्हीनं सांगितलं, लढाई थांबली. फटाके वाजले. थोड्या वेळानं मालकांचाच फोन आला. आवाज तुटत होता. “थांबलंय म्हणायलेत. सुट्टी मिळंल बहुतेक.” आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेऊन कानाला इतका दाबला की तो बंदच पडला.

मामा म्हणाले, “उद्याच कंदुरी उरकून टाकू.”

आत्याबाई म्हणाल्या, “पोरगं कुठं आलंय अजून? उंबऱ्यावर आल्यावर म्हणून बोललेय मी.”

“यायलाच की आता. परवा मेंढरं लांबच्या वावरात जातेत. मी तिकडं आन् कंदुरी हितं, जमायचं कसं?”

खरी गोष्ट वेगळी होती. मामांनी फटाके वाजत असतानाच हॉटेलात जाऊन मोठ्या शेतकऱ्यांना आवतण देऊन टाकलं होतं. आयुष्यभर ज्यांच्या धुऱ्यावर उभं राहून बोलणी खाल्ली, ते आपल्या पंगतीला बसणार, ह्याचा मोह त्यांना सुटेना. आमच्या घरात मामांनी आवतण दिलं म्हणजे पुढचं बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं की दर्ग्याच्या फरशीवर पाय ठेववेना. चुली पेटल्या, मसाला वाटून झाला, शेतकरी लिंबाखाली टॉवेलनं वारा घेत बसले. आमच्या भावकीत रीत अशी की जनावर मुजावराच्या हाती द्यायच्या आधी त्याच्या पाठीवर पाणी घालायचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे कबूल झालं. नाही झाडलं तर थांबायचं. आणि पाणी घालायचं ते ज्याच्यासाठी नवस, त्यानं. तो तर नव्हताच, म्हणून आत्याबाईंनी घातलं.

एडका उभा राहिला. पाठीवरून पाणी निथळून गेलं, आणि तो फाट्याच्या दिशेनं मान करून नुसता उभा. पुन्हा पाणी घातलं. तेच. आत्याबाईंनी दर्ग्याकडं तोंड करून डोळे मिटले, हात जोडले. लिंबाखालून एकजण म्हणाला, “एडक्याला भूक न्हाई वाटतं, आमाला हाय की.” सगळे हसले. मामांचं तोंड उतरलं. ते मला म्हणाले, “तांब्या भरून आण.”

मी आणला. त्यांनी माझ्या हातातून घेतला, एडक्याच्या पाठीवर धरल्यासारखा केला, आणि अंगठ्यानं तिरपा करून धार सरळ त्याच्या कानात सोडली. कानात पाणी गेल्यावर देवाचं जनावर असो की पाटलाचं, ते झाडणारच. एडका शिंगापासून शेपटापर्यंत थरारला. “झाडलं, झाडलं,” म्हणून लोक उठले. मामांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. आत्याबाईंनी डोळे उघडले तेव्हा समोर एडका ओला, आणि त्याच्याजवळ तांब्या घेऊन उभी मी.

एवढंच झालं. एवढ्यावर माझा संसार गेला.

लोक जेवले. रस्सा तिखट झाला म्हणाले, आणि पुन्हा मागून घेतला. अंधार पडायच्या आत हॉटेलातून पोरगा सांगत आला की पुन्हा गोळे पडायले. आत्याबाई भांडी घासत होत्या. त्यांनी राख लागलेले हात तसेच कपाळाला लावले.

सकाळी मालकांच्या फौजेतल्या जोडीदाराचा फोन आला. जिवंत हायेत, दवाखान्यात हायेत, काळजी करू नका. गोळा जवळ फुटला होता. हातपाय शाबूत. डाव्या कानाचा पडदा गेला, आतलंही काही गेलं, आता त्या कानानं ऐकू येणार नाही. मी तर भिंतीला धरून खाली बसले आणि रडले, सुटल्यासारखी रडले. जिवंत आहे म्हणाले ना, कानाचं काय घेऊन बसायचं.

पण गावानं कानच धरला. भावकीतली एक जाऊ आत्याबाईंपाशी येऊन बसली. ती म्हणाली, “मी बघितलंय, कानात पाणी घालून झाडायला लावलं. डाव्याच कानात.” कोणत्या कानात घातलं ते मला तरी आज सांगता येत नाही. मालकांचा कोणता गेला ते कळल्यावर मात्र सगळ्यांना बरोबर आठवलं.

आत्याबाईंनी अंगणात भावकीसमोर मला विचारलं, “तांब्या कुणाच्या हातात व्हता?”

मी म्हणाले, “मी भरून आणला. कानात मामांनी ओतलं.”

सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. मामा दावं वळत बसले होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, “मी लिंबाखाली पाव्हण्यांपाशी व्हतो. मला काय म्हाईत.” लिंबाखालचा एकही माणूस पुढं येऊन बोलला नाही. त्यांच्या वावरात मेंढरं बसायची होती ना.

आत्याबाई मला म्हणाल्या, “टीव्हीवरचं बी तू असंच सांगायचीस.” मला वाटलं, मालक आले की खरं-खोटं होईल. त्या आशेवर मी चूल पेटवत राहिले, भाकरी थापत राहिले, आणि मामांनी मागितला तेव्हा चहा दिला.

मालक आजारपणाच्या रजेवर आले. फाट्यावरून शीळ घातली. अंगणात कुणी कुणाकडं पाहिना. त्यांनी पुन्हा घातली, आणि मग ते स्वतःच गोठ्यापर्यंत येऊन रिकाम्या खुंट्यापुढं उभे राहिले. मी पुढं होऊन हातातली पिशवी घेणार, तेवढ्यात आत्याबाईंनी मिठी मारली आणि तिथंच सगळं सांगून टाकलं. नवस, तांब्या, कान. माझ्याकडं बोट केलं नाही, तेवढी मेहेरबानी.

मालकांनी मला एकदाच विचारलं. “तू घातलंस?”

“मामांनी घातलं. तुमच्या गळ्याची शपथ.”

मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “बापाचं नाव घियाला लागली का आता. घिऊ दे. म्हाताऱ्यावर ढकललं म्हणजे झालं.” आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी ते पाणी बघत राहिले. इतकी वर्षं त्या घरात काढून मला एकदा तसं रडता आलं नाही. मालकांनी बापाच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी मला मारलं नाही, माहेरी पाठवलं नाही. मारलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं चांगलं. त्यांना आता फौजेच्या कोठारात हलकं काम दिलंय, वर्षातून दोनदा येतात. मामा अजून हिंडतेफिरते आहेत, मी त्यांना अजून अहो-जाहो करते. मालक जेवायला बसले की मी समोर बसून काहीबाही सांगते. गोडं तेल पुन्हा चढलं म्हणाले, तर विचारतात, कितीला मिळालं. गॅसचं सांगितलं, तर त्यावरही बोलतात. मग मी हळूच त्या दिवसाचं काढते, मामांनी तांब्या कसा धरला होता ते. तेव्हा ते ताट उचलतात, जरासे वळून बसतात, आणि डावा कान माझ्याकडं करून जेवतात.