फेटा त्यांचा, आवाज माझा

"तू पडद्यामागं बसायचं. तोंड बाहेर काढायचं न्हाई."

गुरुजींनी मला हे सगळ्या वर्गासमोर सांगितलं. मी चौथीत होते. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव, आणि गॅदरिंगच्या नाटकाची तालीम चाललेली. आमच्या शाळेत एक रीत होती. नाटकाचे कपडे ज्याच्या घरून यायचे, काम त्यालाच मिळायचं. फेटा पाटलांच्या घरचा, म्हणून राजा पाटलांचा पोरगा. शालू दुकानदाराच्या घरचा, म्हणून राणी त्याची पोरगी. आमच्या घरून काय येणार? आम्ही ओढ्यापलीकडचे. आमची कामं ठरलेली. सतरंज्या अंथरा, सतरंज्या उचला.

पण त्या वर्षी पंचाईत झाली. पाटलांच्या पोराला वाचताच येत नव्हतं, मग पाठ काय करणार, कपाळ! मी मात्र सतरंज्या अंथरता अंथरता सगळं नाटक वाचून काढलं होतं. राजाचं भाषण धाडधाड म्हणून दाखवलं. गुरुजी खूश झाले. मला वाटलं, झालं, आता राजा मीच. खुळी कुठली!

"राजा त्योच," गुरुजी म्हणाले. "त्यानं नुसतं तोंड हलवायचं. बोलायचं हिनं, मागनं."

मी विचारलं, "मी म्होरं का न्हाई, गुरुजी?"

"लय शानपना करू नगंस. फेटा कुणाच्या डोक्यावर शोभतो, कळत न्हाई व्हय तुला?"

पोरं खदाखदा हसली. जात कुणी उच्चारली नाही. गरजच नव्हती.

गॅदरिंगला मी पडद्यामागं उकिडवी बसले. पडदा म्हणजे एक जुनी चादर. नाकातोंडात धूळ जात होती आणि मी ओरडून राज्य करत होते. समोर तो फेटेवाला तोंडाची उघडझाप करत होता. टाळ्या त्याला. बक्षीस त्याला. माझी आई पार मागं बसलेली. तिनं आवाज ओळखला. उभी राहून म्हणाली, "आगं, ह्यो माझ्या पोरीचा आवाज हाय!"

"ए, खाली बस," कुणीतरी दरडावलं. आई गप खाली बसली. त्या बसण्याचा मला आजही संताप येतो. आईचा नाही. बसवणाऱ्यांचा.

आज मी आटपाडीकडच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडं. मी आले तेव्हा पोरं वाचतच नव्हती. धडा काढा म्हटलं की माना खाली. मग मी नाटक आणलं. पाठांतर नाही, कपडे नाहीत, फेटा नाही. हातात कागद घ्यायचा, उभं राहायचं, आपलं वाक्य मोठ्यानं वाचायचं. आजचा राजा उद्या पहारेकरी. पाळीपाळीनं सगळ्यांनी सगळं वाचायचं. तेच वाक्य दहांदा वाचलं की जीभ सुटते, भीती मरते.

साक्षी लय झकास वाचते. तिचा बाप हलगी वाजवतो, लग्नात, मिरवणुकीत. शौर्य अडखळतो. तो शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू. वाचायचं म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. पण पहारेकऱ्याचं वाक्य त्याला फार आवडलं. "थांबा! कोण आहे तिकडे?" एवढंच. कितीतरी दिवस तो 'थांबा'वरच थांबत होता. मग एकदा एका दमात वाचलं पोरानं! अख्खा वर्ग ओरडला. माझे डोळे भरून आले.

पुढं तालुक्याचे शिक्षण खात्यातले साहेब शाळा बघायला येणार असं ठरलं. त्यांच्यापुढं आणि जमलेल्या गावापुढं पोरं नाटक वाचणार होती. आदल्या दिवशी तालीम चालू असताना अध्यक्ष वर्गात आले. हातात पिशवी, पिशवीत जरीचा फेटा.

"बाई, राजाचं काम आमच्या शौर्याचं."

"उद्या राजाची पाळी साक्षीची आहे," मी म्हणाले.

"बाप आमच्या म्होरं हलगी वाजवतो, आन् पोरगी राजा? लोक तोंडात श्याण घालतील."

"शौर्यला राजाचं भाषण अजून वाचता येत नाही."

"मग बसवा की तिला पडद्यामागं. ती वाचंल, ह्यो तोंड हलवंल. सायबाला काय कळतंय?"

घ्या! इतकी वर्षं गेली. गाव बदललं, जिल्हा बदलला. चादर तीच.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शेजारी उभे असलेले मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "ॲडजस्ट करा ना मॅडम, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." एका दिवसाचा! त्या एका दिवसाची धूळ अजून माझ्या घशात आहे.

मी फेट्याची पिशवी अध्यक्षांच्या हातात परत दिली. "पडदा लागणार नाही. तुमचा नातू पहारेकऱ्याचं वाक्य वाचेल, स्वतःच्या तोंडानं. अडखळला तर पुन्हा वाचेल. आजोबा असून तुम्ही त्याला मुका करायला निघालाय."

"तुमची बदलीच करतो. बघा आता."

"करा."

त्यांनी शौर्यला दंडाला धरून नेलं. पोरगं मागं वळून बघत होतं. त्याचा कागद माझ्या टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. साक्षी सगळ्यांसमोर उभी राहून राजाचं भाषण वाचत होती. तिचा बाप गर्दीतून उठला, बघतच राहिला. मागून आवाज आला, "खाली बस की रं!"

मी वाचन थांबवलं. साहेबांसमोरच म्हणाले, "ते उभे राहतील. ज्याला दिसत नसेल त्यानं बाहेर जावं."

साक्षीचा बाप उभाच राहिला. साक्षीनं भाषण पुरं केलं. पहारेकऱ्याचं वाक्य मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. शौर्यची जागा मोकळी ठेवली.

आता माझ्यावर तक्रार गेली आहे. मुख्याध्यापक माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. बदलीचा कागद येईल तेव्हा येईल. त्याआधी मी शौर्यचा कागद घेऊन अध्यक्षांच्या दारात जाणार आहे आणि त्याला हाक मारणार आहे. दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. आणि मला कुठंही टाका, त्या शाळेतही कुणीतरी फेटा घेऊन येईलच, कुणीतरी चादर घेऊन येईलच. मी वर्गाच्या दारात उभी असेन. माझं वाक्य मला पाठ आहे.

थांबा! कोण आहे तिकडे?