उष्टं फूल

मे महिन्यात बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आले, ते आईचा पितळी गणपती हँडबॅगेत घालूनच. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. पूजा तिची, बाबांनी आयुष्यात कधी देव्हाऱ्याकडे वळून पाहिलं नव्हतं. ती गेल्यावर मात्र अंघोळ झाली की ते गुपचूप देवापुढे बसायला लागले. आईचं नावसुद्धा घेत नसत. घेतलं तर काय होईल याची त्यांना भीती वाटत असावी, आणि मलाही वाटायची.

जून लागला तोच त्यांनी जाहीर केलं, "परतीचं तिकीट अलीकडचं कर. गणपतीच्या आधी घरी जातो."

"देव तर बरोबर घेऊन आलात. मग घरी कोणत्या गणपतीला जाताय?"

"घर म्हणजे घर," बाबा म्हणाले.

त्या घरात आता कुलूप सोडून कोणी नव्हतं. बाबांनी तिथे एकट्याने राहू नये, एवढंच मला हवं होतं. पण आग्रह केला की ते आणखी ताठ होतात. म्हणून मी त्यांना लाच द्यायचं ठरवलं, हमिंगबर्डची. इथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकत असताना बसस्टॉपवर मी तो पक्षी एकदाच पाहिला होता, आणि समोरून माझी बस निघून गेली तरी मला कळलं नव्हतं. बसचं होतं तसं विमानाचंही होईल, असा माझा भाबडा हिशेब.

त्या शनिवारी मी बाबांना घेऊन हायवेवरच्या नर्सरीत गेले. डोक्यावर ओळीने हँगिंग बास्केट लटकत होत्या आणि मी टाचा उंचावून एकेका फुलाला नाक लावत होते. मराठी माणूस फूल बघायच्या आधी हुंगतो.

"वास घेऊ नको," बाबा मागून म्हणाले. "हुंगलेलं फूल देवाला चालत नाही."

"बाबा, ही पक्ष्यासाठी आहेत."

"हं," बाबा म्हणाले. या 'हं'चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

नाक तसंही बिनकामाचंच होतं. या पक्ष्याला वासाचं सोयरसुतक नसतं. त्याला लागतो रंग, त्यातही लाल, आणि तळाशी मध असलेलं लांबट नळीचं फूल. दुहेरी पाकळ्यांची पेटुनिया दिसायला भारी, पण त्या गर्दीत चोच शिरणार कुठून? ती मी परत टांगली. पुढच्या बास्केटपाशी बाबा थबकले.

"अगं, ही तर घाणेरी होय! ही विकत घेतात? आपल्याकडे उपटून फेकतात."

कित्येक दिवसांत त्यांचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्या आनंदात तीही घेतली असती, पण शेवटी दोनच घेतल्या. एक साध्या, एकेरी लाल पेटुनियाची. दुसरी फुशियाची, झुमक्यांसारखी खाली लोंबणारी लाल-जांभळी फुलं. दोन्ही घरामागच्या लाकडी डेकवर टांगल्या आणि मी वाट बघायला लागले.

पक्षी काही येईना. चार दिवसांनी मी लवकर उठून डेकवर गेले, तर दोन्ही बास्केट हिरव्यागार, लाल ठिपकासुद्धा नाही. आत गणपती मात्र गळ्यापर्यंत फुलांत बुडालेला. लाल फूल आणि गणपती! नागपूरच्या माणसाला मी लाल फुलं आणून दिली होती आणि पक्ष्याची वाट बघत होते. चूक कोणाची?

मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हा माझा प्रांत नाही.

"सगळी तोडलीत? मग पक्षी काय खाणार?"

"मग देवाला फुलं नकोत?" बाबांचा आवाज चढला. "एक दिवस चुकलं नाही तिचं. एक दिवस!"

पुढे आठवडाभर ते माझ्याशी चहापुरतंच बोलले. फुलं मात्र त्यांनी अर्धी ठेवायला सुरुवात केली.

त्यानंतरच्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते. काचेपलीकडे बाबा एका हातात तबक घेऊन उभे होते. दुसऱ्या हातात नुकतंच खुडलेलं फुशियाचं फूल. आणि त्या फुलासमोर, हवेत, काहीतरी थांबलं होतं.

अंगठ्याएवढा जीव. पंख आहेत की नाहीत तेच दिसत नव्हतं, नुसता धूसर थरथराट. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालावं तसा आवाज काचेतूनही येत होता. त्याने मान वळवली तेव्हा गळा काळा होता, परत वळवली तर निखारा. चोच बाबांच्या बोटांतल्या फुलात पार आत गेली. मग तो मागे सरकला. मागे! तोंड न फिरवता, हवेतल्या हवेत. आणि पुन्हा पुढे आला. कॉफी कप भरून ओट्यावर वाहत होती. एवढ्याशा देहात एवढं आयुष्य कोणी कोंबलं असेल?

तो गेल्यावरही बाबांनी हात खाली घेतला नाही.

आत आले तेव्हा त्यांचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. "वारा लागला," ते म्हणाले. "त्याच्या पंखांचा. इथे, मनगटाला."

मग ते सरळ देवापुढे गेले आणि तेच फूल त्यांनी गणपतीला वाहिलं.

"बाबा, ते उष्टं आहे. हुंगलेलं चालत नाही, आणि उष्टं चालतं?"

"आज चालतं," बाबा म्हणाले. खूप वेळ ते गणपतीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आईनं हे पाहायला पाहिजे होतं." आणि रडले. मी शेजारी जमिनीवर बसले आणि आम्ही दोघंही मनसोक्त रडलो.

दुपारी त्यांनी विचारलं, "हा पक्षी इथून जातो कधी?"

"थंडीच्या आधी. एकटाच, थेट दक्षिणेला. वाटेत समुद्र लागला तर तोही न थांबता पार करतो म्हणतात."

"एवढासा?"

"एवढासा."

"मग तिकीट राहू दे आहे तसं. हा जाईपर्यंत थांबतो."

गणपती आम्ही इथेच बसवला. बाबा रोज एकच फूल खुडायचे, तेही पक्षी येऊन गेल्यावर.

आता ऑक्टोबर आहे. शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर भोपळे आलेत. आमच्या फुशियाला अजून दोन-चार फुलं येतात आणि बाबा स्वेटर घालून सकाळी तिला पाणी घालतात. "न जाणो, एखादा मागे राहिला असेल," ते म्हणतात. मीही हो म्हणते. पक्षी कधीच गेलाय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.