चुकांची वही

लंडनजवळ स्लाऊच्या ऑफिसात माझ्या शेजारी नागपूरचा एक जण बसायचा. इंटरनेटवर सर्च करताना लोक जे शब्द चुकीचे टाइप करतात, त्यांवर क्लायंटच्या जाहिराती लावणं हे त्याचं काम. असे शब्द तो वहीत जमवायचा. मी बरोबर स्पेलिंग सांगितलं की म्हणायचा, "काही कामाचं नाही बाप्पा."

एकदा सफाईवाल्या पंजाबी आंटीने कौन्सिलच्या, म्हणजे कमी भाड्याच्या सरकारी घरासाठी लिहिलेला अर्ज त्याला दाखवला. लंच सोडून त्याने ओळ न् ओळ सुधारली, स्वच्छ प्रिंट काढून दिली. आंटीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती गेल्यावर त्याने जुना कागद पुढ्यात ओढला आणि तिच्या चुका वहीत उतरवल्या.

"अरे, हे काय?"

"आपला तो घरं भाड्याने देणारा क्लायंट आहे ना? त्याला लागतील."

कौन्सिलचं घर काही मिळालं नाही. दोन महिन्यांनी आंटी बर्फी घेऊन आली. इंटरनेटवर सर्च करताना आलेल्या जाहिरातीतून तिला भाड्याचं घर सापडलं होतं, आमच्याच क्लायंटचं. नागपूरकराने दोन तुकडे मजेत खाल्ले. मी माझा हातात धरून बसलो. तिचं अभिनंदन करावं की माफी मागावी, मला कळेना.