एकाच वानरीच्या दोन ट्यूबा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमचे बाबा बौद्ध, पेशाने मास्तर... घरात कुणी असलं काही बोललं की सरळ कान धरायचे. तरीही हे लिहितोय, कारण मनातून जात नाही.

१९९६ चा उन्हाळा. मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट होतो. माकडांमध्ये आजवर न सापडलेले व्हायरस शोधायचे आणि त्यांचा जेनेटिक क्रम वाचायचा, हे आमचं काम. त्यासाठी तिसगावपासून थोडं आत, एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) वानरांचं रक्त गोळा करत होतो. वानर पिंजऱ्यात आलं की भुलीचं इंजेक्शन द्यायचं, मांडीवरचे केस काढून रक्त घ्यायचं, जांभळ्या औषधाची खूण करायची आणि शुद्धीवर आलं की सोडून द्यायचं.

एके दुपारी एक म्हातारी वानरी सापडली. डावा कान अर्धा तुटलेला. वजनकाटा जीपमध्ये राहिला होता, आणि जीप पार रस्त्यावर. एवढ्या उन्हात कोण जाणार परत! अंदाजाने डोस भरला. रक्त घेऊन खूण करेपर्यंत तिचा श्वास थांबला. मी टरकलो. आसपास कोणी नव्हतं... तिला उचलून शेजारच्या बोरांच्या बागेत ठेवलं आणि निघून आलो.

त्या गावात वानर मेलं की माणसासारखं सगळं करतात — तिरडी, भजन, दहावा. मीसुद्धा खांदा दिला, निर्लज्जासारखा. खड्ड्यात ठेवताना तो तुटका कान नीट पाहिला. विष घातल्याचा संशय गेला बागेच्या राखणदारावर, नामदेवमामांवर. वानरांना हाकलताना ते शिव्या घालायचे ना!

"आवो, म्या इख घातलं न्हाई," ते दारोदार सांगत फिरले. कुणी ऐकेना. शेवटी दहाव्याला डोकं भादरून तेच बसले.

इकडे तिच्या रक्ताच्या ट्यूबमध्ये खरंच नवा व्हायरस सापडला. सर खूश! बाकीच्या वानरांत तो आहे का बघायला महिन्याभराने मला परत पाठवलं. पिंजरा अजून लावलाही नव्हता, तोच चिंचेवरून एक वानरी उतरली. डावा कान अर्धा. मांडीवर केसांची खुंटं, जांभळा डाग. माझ्यासमोर बसली आणि पाय पुढे केला. भूल न देताच मी रक्त घेतलं. ती हललीसुद्धा नाही. मग उठून शांतपणे निघून गेली.

असा व्हायरस प्रत्येक जनावरात थोडाफार बदलतोच. या दोन ट्यूबांमध्ये मात्र त्याच्या क्रमातलं अक्षर न् अक्षर जुळलं.

"एकाच जनावराचं रक्त दोनदा आणलंस का?" सरांनी विचारलं.

"हो सर, चूक झाली," मी म्हणालो.

खड्डा उकरून बघावा म्हणून पुन्हा एकदा गेलो. तिथे नामदेवमामा माती सारखी करत बसले होते. राखणीचं काम सुटलं होतं.

"सायेब, तुमी तिचं रगत तपासलं ना? इख न्हवतं, येवढं चावडीवर सांगा की... तुमचं ऐकतील."

"आमच्या मशीनमध्ये ते दिसत नाही, मामा."

"बरं," ते म्हणाले, आणि मलाच तांब्याभर पाणी आणून दिलं.

खड्डा मी उकरला नाही. ती आत सापडली असती तरी आणि नसती तरी, मला तोंड उघडावं लागलं असतं. तिसऱ्या वर्षी मामा गेले. त्या दोन ट्यूबांचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. गावात मामांना शेवटपर्यंत 'वानरमाऱ्या' म्हणत होते, त्याचं उत्तर मात्र होतं.