पाहुण्यांचे दोन शब्द आणि ताईची खीर

माझ्या पोटात उजव्या बाजूला ताईची किडनी आहे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण केशर. वर्तकनगरला ब्लाऊज शिवते. किडनी तिनं दिली खरी, पण घर भाड्यानं दिल्यासारखी. अधूनमधून दिव्याला माझ्या घरी येऊन पाहणी करते. फोनवर पहिला प्रश्न, "ती कशी आहे?" ती म्हणजे किडनी. मी कसा आहे ते विचारायची पद्धत आमच्यात नाही.

ऑपरेशनआधी मला डायबेटिस नव्हता. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांच्यासोबत शुगर फुकट आली. सकाळी स्टिरॉईड घेतलं की दुपारनंतर शुगर गच्चीवर. तिला उतरवायला इन्सुलिन टोचलं आणि जेवायला उशीर झाला की ती थेट तळघरात. डॉक्टरांनी ताईसमोर दोन्ही सांगितलेलं. वाढलेली राहिली तर किडनीला वाईट, आणि फार उतरली तर माणूसच जातो. ताईनं किडनीपर्यंत ऐकलं आणि पर्स उचलून बाहेर गेली.

मग तिनं तिच्या कॉलनीत जाहीर केलं, "माझ्या रव्याला कुणी गोड दिलं तर तिचा ब्लाऊज लग्नाच्या दिवशी मिळणार नाही." तेव्हापासून माणसं मला चहासुद्धा विचारेनात.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी तिच्या विहारात गेलेलो. तिनं दारातच माझी झडती घेतली. शुगर एकदम उतरली तर तोंडात टाकायला मी खिशात साखरेच्या पुड्या ठेवतो, त्या तिनं काढून बाहेरच्या कचऱ्यात टाकल्या. "चोरून खातोस होय रे!" म्हणाली. सणाचा दिवस म्हणून मी थोडक्यातच भांडलो.

आमच्याकडे आधी वंदना, मग भाषण, मग खीर. तोवर कुणी तोंडात काही टाकत नाही. मला बाहेरचं जेवण बंद, म्हणून माझा डबा ताईच्या मांडीवर, बायकांच्या रांगेत. मी पुरुषांत, मास्क लावून.

प्रमुख पाहुणे उभे राहिले. "वेळेचं भान ठेवून मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे," म्हणाले. मी मागे जाऊन इन्सुलिन टोचून आलो. अख्खा जन्म सभा ऐकण्यात गेला आणि मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला! दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. मीच गाढव.

पाहुणे आधी स्वतःच्या बालपणात गेले. तिथून कॉलेजात आले. त्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा माझे हात कापायला लागलेले. घाम फुटलेला, पण मे महिन्यात सगळेच घामाघूम, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

मागे ताईची शेजारीण सखुबाई टोपात खीर ढवळत होती.

"सखुबाई, वाटीभर द्या ना. शुगर उतरलीय."

"नाय रे बाबा. पोरीचं लग्न आहे, सगळे ब्लाऊज तुझ्या बहिणीकडं अडकलेत."

मी भिंतीला धरून ताईपर्यंत गेलो. "ताई, डबा दे."

"भाषण संपू दे. लोक काय म्हणतील?"

"मग खीर तरी दे."

"रव्या, हट्ट करू नको. गप बस."

"बरं," मी म्हणालो आणि तिथंच खाली बसलो.

ताईनं वळून बघितलं. जन्मापासून मी तिला वाद घातल्याशिवाय "बरं" म्हटलेलं नाही. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. "रव्या, मी कोण?" मी म्हणे तिला "मॅडम" म्हणालो. मागून सखुबाई ओरडली, "अगं, शुगर उतरलीय म्हणत होता तो!"

पुढचं मला धुक्यात दिसावं तसं आठवतं. डब्यात भाकरी आणि दुधीची भाजी. ती चावून पोटात जाईपर्यंत मी राहिलो नसतो, एवढं ताईला कळलं. खिरीचा टोप पार मागे, पण समोर मंचावर बुद्धमूर्तीपुढे खिरीची वाटी ठेवलेली. ताई मंचावर चढली, पाहुणे आणि माईक यांच्यामधून हात घातला आणि वाटी उचलली.

"अहो केशरताई, ती बुद्धांपुढची आहे!" कुणीतरी ओरडलं.

"सुजातेनं बुद्धांना खीर का दिलेली? ते उपासानं खंगलेले म्हणूनच ना? मग!" ताई म्हणाली. "तुम्ही बोला साहेब, तुमचं चालू द्या."

माईक चालू होता, त्यामुळे हे बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. पाहुण्यांना मात्र पुढे काही सुचेना आणि त्यांचे दोन शब्द तिथंच संपले.

ताईनं मला मांडीला टेकवून बसवलं, मास्क खाली ओढला आणि गिळतोय की नाही बघत बघत चमच्यानं खीर भरवली. थोड्या वेळानं भिंती जागेवर आल्या. ताई रडत होती. पदराला खीर, चष्म्याला खीर.

"कसा आहेस रे?" तिनं विचारलं.

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "ती बरी असेल," मी म्हणालो.

"खड्ड्यात गेली ती किडनी!" ताई किंचाळली. "तू कसा आहेस?"

मला रडू फुटलं. मी आणखी एक चमचा मागितला. तिनं दिला.