राखण पाहायचा दिवस

आमच्याकडे कुत्रं पाहायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. चावते का? मी हातपाय धुऊन येईपर्यंत दुसराही तयार असतो, जरा उभं करता का, फोटो काढतो. माझ्या डोक्यात तिडीक जाते. बाप्पा, चावणारंच पाहिजे असेल तर चिखलीच्या स्टँडमागं जाऊन उभे राहा, हौस फिटेल.

आमची कुत्री बकऱ्या राखतात. जानेफळच्या अलीकडं नाल्याला लागून आमचं शेत आहे. तिथं लांडगा येतो, रोही म्हणजे नीलगाई येतात, आणि बकऱ्या दिवसभर रानात मोकळ्या असतात. आजोबांच्याही आधीपासून कुत्र्यांचा हा एकच वाण घरात आहे. उंच, पिवळसर, दिसायला काही खास नाही. तो टिकला माझ्या बापाच्या हट्टामुळं. नर असो की मादी, राखण पाहिल्याशिवाय पिल्लं काढायची नाहीत, हा त्याचा कायदा.

राखण पाहायची म्हणजे सकाळी बकऱ्या आणि करडं शेतातल्या लिंबाखाली सोडायची, कुत्र्याला तिथं बसवायचं आणि घरच्या झाडून साऱ्या माणसांनी शिवार सोडून जायचं. संध्याकाळपर्यंत कोणी परत फिरायचं नाही. कुत्र्यानं कधी न पाहिलेला परगावचा एक माणूस लांब बांधावर बसवायचा. दुपारी तो उठून बकऱ्यांजवळून चालत जाणार. कुत्र्यानं त्याला फाडायचं नाही, नुसतं आडवं उभं राहायचं. तो निघाला की धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या हद्दीपर्यंत घालवायचं आणि मग बकऱ्यांत परत यायचं. सगळी परीक्षा त्या परत येण्यात. बाप म्हणायचा, "धाऊन जाणारे लय हायेत बे. वापस येणारा एखांदाच निंगते."

त्या दिवशी तो स्वतः जानेफळच्या हॉटेलात चहावर चहा पीत बसायचा. एकदा आई मध्येच शेतात जाऊन कुत्र्यासाठी पाणी ठेवून आली. बापानं तो दिवसच रद्द केला आणि चार दिवस तिच्याशी धड बोलला नाही. एवढं कशाला, असं आम्हाला वाटायचं. घरचा माणूस जवळ आहे हे कळलं की कुत्रं माणसासाठी बसतं, बकऱ्यांसाठी नाही, एवढी साधी गोष्ट होती ती. आम्ही आपले हसायचो.

बाप गेल्यावर हे लचांड माझ्या गळ्यात आलं. धाकट्या भावाला त्याचं काहीच नाही. "दादा, कुत्रं पाहूनच समजते नं. छाती पाह्य त्याची," असं म्हणून तो मोबाइल काढायचा. त्यानं टाकलेले व्हिडिओ पाहून कुठून कुठून फोन यायचे, आणि मी प्रत्येकाला सांगायचो की राखण पाहिल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही. माझं ऐकून लोक भावाला फोन करायचे. घरात रोज तोंडाला तोंड.

त्यात लागोपाठ दोन नर मी नापास केले. एक रोह्यांमागं गेला तो थेट दुसऱ्या दिवशी घरी आला. दुसरा लिंबाच्या सावलीत ढाराढूर झोपला. उरला तिसरा, आणि तो माझा होता. दहा-बारा दिवसांचा असताना त्याची आई मेली, म्हणून मी त्याला बाटलीनं दूध पाजलं. बाप असता तर म्हणाला असता, बकऱ्यांच्या वाड्यात ठेव त्याले. मी त्याला माझ्या खाटेखाली झोपवला. आता घरात पास झालेली एकच कुत्री होती, तीही म्हातारी, जेमतेम एका वेताची. हा नर नापास झाला असता तर बापाचा वाण माझ्या हातात संपला असता. मला तो पास व्हायलाच पाहिजे होता, खोटं कशाला बोलू.

सोयाबीन निघालं होतं आणि तूर डोक्याच्या वर उभी होती. मी धाड गावाकडचा एक म्हातारा मेंढपाळ आणून बांधावर बसवला. चिखलीला मार्केटमध्ये काम आहे, असं घरी सांगून जीपमध्ये बसलो आणि दुसऱ्याच वळणावर उतरलो. काऊन उतरलो, ते मी स्वतःला किती वेळा विचारलंय. नाल्यानं वाकत वाकत आलो आणि स्वतःच्याच तुरीत चोरासारखा जाऊन बसलो. वारा माझ्या पाठीकडून लिंबाकडं वाहत होता, माझा वास घेऊन. सारा जन्म शेतात गेला माझा. वारा कुठून येतो ते समजलं नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

कुत्रा जागचा हलला नाही. दुपारी म्हातारा चालत आला तसा तो आडवा उभा राहिला, म्हाताऱ्याला धुऱ्यापर्यंत घालवून आला आणि पुन्हा लिंबाखाली येऊन बसला. म्हाताऱ्यानं तासाभरानं आणखी एकदा करून पाहिलं, पुन्हा तसंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मधून मधून तो तुरीकडं पाहायचा आणि शेपटी जरा हलवायचा, तेही मला दिसत होतं. मी ते न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी मी नाल्यानं मागं जाऊन, रस्त्यानं चिखलीहून आल्यासारखा आलो. म्हातारा म्हणाला, "एक लंबर जनावर हाय. फकस्त दिवसभर तुरीकडंच तोंड करून होता. काय हाय तिकडं?"

"रोही असन," मी म्हणालो.

त्यानं एकदा तुरीकडं पाहिलं आणि चहा पिऊन तो आपल्या वाटेनं गेला.

म्हाताऱ्या कुत्रीला त्याच्यापासून सात पिल्लं झाली. सातही गेली, पास कुत्र्याची म्हणून. त्यातली एक मादी माझ्या मोठ्या बहिणीनं नेली. ती धाडच्या पलीकडं राहते. घरी ती एकटीच, आणि नऊ बकऱ्या हाच तिचा संसार. कुत्री वर्षाची झाली तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं, "इच्या भरवशावर बकऱ्या सोडल्या त चालन का?" मी म्हणालो, "बिनघोर सोड. बाप नाही का पास कुत्र्याच्या भरवशावर सोडत होता?"

तिनं सोडल्या. जीपनं धाडच्या बाजाराला गेली. कुत्री बकऱ्या सोडून तिच्या मागं निघाली आणि जीप गेली त्या रस्त्याच्या कडेला दिवसभर तिची वाट पाहत बसली. लांडग्यांनी दोन बकऱ्या आणि तीन करडं मारली. बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती, आणि मला म्हणत होती की चूक तिचीच आहे. "मीच तिले हातानं चारलं रे, लाडावली मी तिले. जात त पास कुत्र्याचीच हाय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी मूग गिळून बसलो.

त्याच आठवड्यात मी माझ्या नराची राखण पुन्हा लावली. या वेळी भावाच्या ओळखीचा एक परगावचा माणूस बांधावर होता, आणि मी खरोखर गेलो. जानेफळला, बाप बसायचा त्याच हॉटेलात. चहाचा दुसरा कप संपला नाही तोच कुत्रा रस्त्यानं येताना दिसला. जीभ बाहेर, अंगभर फुफाटा. मला पाहिलं आणि पायांत येऊन आडवा झाला, इतका खूश की त्याला मारवेना.

हॉटेलातले लोक उठून पाहायला आले. "इतक्या लांबून मालकाच्या मागं आला बाप्पा, काय इमान हाय," असं एकानं म्हटलं आणि बिस्किटाचा पुडा फोडून त्याच्यापुढं टाकला. दुसरा म्हणाला, "याचं पिल्लू असन त मले द्या, काका." मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. तिकडं लिंबाखाली बकऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि इकडं माझ्या नापास कुत्र्याचा सत्कार चालला होता. पण ओरडणार कोणावर? सांगणार काय?

शेतात आलो तर बकऱ्या हरभऱ्यात शिरल्या होत्या आणि बांधावरचा माणूस त्यांना हाकलून दमला होता.

कुत्रा मी खच्ची करून आणला. म्हातारी कुत्री पावसाळ्यातच गेली होती. म्हणजे आता घरात पास झालेलं कोणी नाही. ज्यांनी पिल्लं नेली त्या सातही घरी सांगायचं ठरवलं, की त्यांच्यापासून पुढं पिल्लं काढू नका, आणि बकऱ्या त्यांच्या भरवशावर सोडू नका. भाऊ म्हणाला, "काऊन सांगतं? कोनाले फरक पडते? फोटो पाहून नेले त्यायनं." सहा घरी बोललो. चार जणांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. एकानं तर विचारलं, पण चावते नं?

बहिणीला सगळ्यात शेवटी फोन केला. सगळं सांगितलं. जीपमधून उतरलो ते, वारा, तूर, म्हाताऱ्याला मारलेली थाप.  

मग ती म्हणाली, "तू तुरीत बसला होता, हे मले तवाच सांगतलं असतं त मी बाजाराले गेलीच नसती रे."

"हाव, खरं हाय," मी म्हणालो.