सवालापासून वाच

आमच्या अकोल्याच्या चर्चच्या मंडळीत नाताळाआधीच्या आगमनकाळात, पहिल्या रविवारी, सगळ्यात वयस्कर माणूस मशीहाविषयीचं भाकीत म्हणतो आणि त्याच्याच घरातलं कोणीतरी ते पूर्ण झाल्याचं शुभवर्तमानातून वाचतं. लहानपणी आम्ही पोरं याला सवाल-जवाब म्हणायचो. गेल्या वर्षी भाकिताची पाळी बाबांवर आली आणि जवाबाची माझ्यावर. उतारा ठरलेला, यशया संदेष्ट्याचा: तो येईल तेव्हा आंधळ्यांचे डोळे उघडतील. जवाबही ठरलेला, खुद्द येशूनं दिलेला: आंधळे पाहू लागले आहेत.

बाबांची नजर त्याच पावसाळ्यात काचबिंदूनं पुरती गेली होती.

मी अमरावतीला शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना, भाजी चिरताना, डोक्यात तेच. आंधळ्या बापाशेजारी उभं राहून हे कोणत्या तोंडानं वाचायचं? मुळात मी उतावळी, त्यात जिवाला हा घोर. भीती नुसती वाचनाची नव्हती. भाकीत खरं ठरलं असेल तर बाबा असे का, आणि ठरलं नसेल तर जन्मभर आम्ही प्रार्थना तरी कोणाची केली? शेवटी पाळकांना फोन करून उतारा बदलून घेतला. बेथलेहेमातल्या जन्माचा घ्या म्हटलं, त्यात कोणाला काही खुपत नाही.

शनिवारी एसटीनं अकोल्याला पोचले, तर बाबा फुगून बसलेले. पाळकांनी त्यांना सांगून टाकलं होतं.

"उतारा कावून बदलवला?"

"तुमाले तरास होईन म्हणून."

"मले का तुले?"

मग मीही लपवलं नाही. "मले ते आता खरं नाई वाटत, बाबा. तुमाले पाह्यलं का नाई वाटत."

वाटलं, आता भडकतील. ते खाटेची कड चाचपत सरकले आणि मला बसायला जागा केली.

"येशूनं थो जवाब कोणाले देल्ला?"

"योहानाले. तुरुंगात होता तो."

"अन् त्यानं काय इचारलं होतं?"

ज्या योहानानं सगळ्यांना सांगितलं की मशीहा आला, त्यानंच तुरुंगातून येशूला निरोप धाडला होता: तो तूच ना, की आम्ही आणखी कोणाची वाट पाहायची? आमच्या मंडळीत हे वाचतच नाहीत. एकदम जवाबावर उडी.

"सुटला का थो?" बाबांनी विचारलं.

"नाई. तिथंच मारलं त्याले."

"तरी त्याचा सवाल शास्त्रातून कोणी काढला नाई. उतारा तोच राहीन. उद्या तू सवालापासून वाच."

रविवारी बाबांनी यशया तोंडपाठ म्हटला, कुठे अडखळले नाहीत. मी योहानाचा सवाल इतक्या मोठ्यानं वाचला की पुढच्या बाकावरच्या बायका दचकून वर बघू लागल्या. तो सवाल माझाच होता. मग जवाब वाचला. आंधळ्यांपाशी आवाज चिरकला, पण वाचला. समाधान झालं म्हणणार नाही. माझी धुसफूस अजून आहे.

घरी येताना ऑटोत बाबा माझा हात धरून बसले होते. डोळ्यांबद्दल त्यांनी तोवर एका शब्दानं कुरकुर केली नव्हती.

"थो आला होता, यात मले शंका नाई," ते म्हणाले. "पण परत येईन म्हणला होता, तं आता लवकर यावं त्यानं. मले तुह्यं तोंड पाहाचं हाये."